परसबाग आणि तोडणीचा विवेक

परसांत भाजीपाला लावावा, चार फळझाडें राखावीं, ही हौस आपल्या लोकांत जुनी आहे; आणि हल्लीं जागेची टंचाई असूनही ती मावळलेली नाहीं. वाड्याचें परस गेलें तरी गच्ची आहे, गच्ची नसेल तेथें सज्जांत चार कुंड्या आहेत. बीं कसें पेरावें, खत कोणतें घालावें, किडीवर कोणता उपाय करावा, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु पीक हातीं आल्यावर तें केव्हां तोडावें, कसें तोडावें व कोणीं तोडावें, इकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. जणू काय तोडणें म्हणजे नुसता हात पुढें करणें! आमचें मत याहून वेगळें आहे. परसबाग बिघडते ती पेरणींत क्वचित् आणि तोडणींत वारंवार, असें आम्हांस पुष्कळ वर्षांच्या अवलोकनानंतर वाटूं लागलें आहे. आणि उन्हाळ्याचे दिवस हे या परीक्षेचे खरे दिवस होत. म्हणून चैत्रापासून मृगापर्यंतच्या तोडणीसंबंधीं येथें थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

वनस्पतींचे जे वर्ग आपल्या पूर्वजांनीं केले, त्यांत ‘ओषधि’ या शब्दाची व्याख्या फार मार्मिक आहे. फळ पक्व झालें कीं जिचा अंत होतो ती ओषधि, असा अर्थ अमरकोशकारांनीं दिला आहे. गहूं आणि भात यांच्याप्रमाणेंच भेंडी, गवार, चवळी, काकडी या परसांतील बहुतेक भाज्या त्या वर्गांत मोडतात. आपलें बीं पक्व करून मातींत टाकणें हेंच या झाडांचें जीवितकार्य. बीं जून होऊं लागलें, कीं झाडाची सारी शक्ति तिकडे वळते, नवीं फुलें येणें मंदावतें, आणि पानें पिंवळीं पडूं लागतात. उलट, फळ कोंवळें असतांनाच काढून घेतलें, तर कार्य अपुरें राहिलें म्हणून झाड पुन्हां फुलतें. म्हणजे वेळेवर तोडणें ही झाडाची लूट नसून त्याला दिलेलें आयुष्य आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत शकुंतलेविषयीं असें सांगितलें आहे, कीं अलंकारांची आवड असूनही प्रेमामुळें ती वृक्षांचें पान खुडीत नसे. तपोवनाला तें शोभतें. भेंडीच्या वाफ्याला तें मानवत नाहीं.

तयार झाल्याची खूण प्रत्येक भाजीची निराळी असते. भेंडीचें फूल उमलल्यापासून साधारणपणें चार ते सहा दिवसांत ती खाण्याजोगी होते. उन्हाळ्यांत वाढ इतकी झपाट्याची, कीं एक दिवसाआड वाफ्यांतून फेरी घातलीच पाहिजे. शेंडा बोटानें मोडून पाहावा. कट्कन् तुटला तर कोंवळी, नुसता वांकला तर जून. जून भेंडी खाण्याच्या कामाची नाहीं म्हणून पुष्कळ लोक ती झाडावरच राहूं देतात. हें चूक आहे. तीही तोडून टाकावी, नाहींतर नवीन फुलांच्या वांट्याचा रस तीच ओढून घेते. गवारीची शेंग वांकवितांच मोडली पाहिजे. वांग्याची परीक्षा त्याच्या तेजावरून करावी. साल चकचकीत तोंवर आंतील बीं मऊ, आणि तेज उतरलें कीं बीं कठीण झालें म्हणून समजावें. घोसाळें चार दिवस अधिक राहिलें, तर त्याची भाजी होत नाहीं, अंग घासण्याची घोसाळी तेवढी होते. तोंडलें आंतून तांबडें होण्यापूर्वीं काढावें.

काकडीवर्गांतील फळांस उन्हाळ्यांत आणखी एक दोष जडतो. ऊन कडक व पाणी अनियमित झालें, कीं कांहीं फळांत कडूपणा उतरतो. काकडीचा देंठाकडील भाग आधीं चाखून पाहण्याची आपल्या घरांतील चाल म्हणूनच योग्य आहे. दुध्या भोपळ्याच्या बाबतींत तर हा केवळ चवीचा प्रश्न नव्हे. कडू दुध्याचा रस पिऊन माणसें दगावल्यामुळें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि तिचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. कडू दुध्या पोटांत जाऊं देऊं नये, असा त्याचा इत्यर्थ आहे. शिजविल्यानें तें विष जात नाहीं. तेव्हां दुध्या चिरतांना लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास तुकडा थुंकून टाकावा व सबंध फळ फेंकून द्यावें. घरचें आहे, वाया कसें घालवावें, हा विचार येथें उपयोगी नाहीं.

तोडणीची वेळ सकाळची. रात्रभरांत झाडानें पाणी भरून घेतलेलें असतें, त्यामुळें पानें ताठ आणि फळें थंड असतात. दुपारीं तोडलेली पालेभाजी घरांत येईपर्यंतच मान टाकते. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावूं नये, हा वडिलांचा नियमही उन्हाळ्यांत पाळावा. श्रद्धा असो वा नसो, विंचू व सर्प याच दिवसांत गारव्यासाठीं ओल्या वाफ्यांत येतात, एवढें कारण पुरेसें आहे. फळ ओढून कधीं काढूं नये. ओढल्यानें फांदी सोलते व तेथून रोग शिरतो. कात्रीनें किंवा लहान विळ्यानें देंठासह कापावें. राजगिरा व तांदुळजा मुळासकट न उपटतां वरचे शेंडे खुडावे, म्हणजे खालून नवे फुटवे येतात. अळवाचीं बाहेरचीं पानें घ्यावीं व मधलें गुंडाळलेलें पान राखावें. अळूं खाजतें तें त्यांतील सूक्ष्म सुईसारख्या स्फटिकांमुळें. म्हणून चिरणारीनें हाताला तेल लावावें, आणि शिजवितांना चिंच अथवा आमसूल घालण्यास विसरूं नये.

फळांचा विचार करतांना एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. कांहीं फळें तोडल्यावर पिकतात, कांहीं पिकत नाहींत. आंबा, केळें, पपई, चिकू, फणस हीं पहिल्या वर्गांतलीं; लिंबू, जांभूळ, कलिंगड हीं दुसऱ्या. दुसऱ्या वर्गांतील फळ झाडावर किंवा वेलावर जेवढें गोड झालें तेवढेंच. घरांत आठ दिवस ठेविल्यानें तें वाळेल, गोड होणार नाहीं. कलिंगडाच्या देंठाजवळचा ताणा वाळला आणि जमिनीला टेंकलेला भाग पांढऱ्याचा पिंवळसर झाला, म्हणजे तें काढावें. टोमॅटो पहिल्या वर्गांत येतो, आणि उन्हाळ्यांत त्याचा एक विशेष आहे. हवा फार तापली कीं त्याचा तांबडा रंग नीट तयार होत नाहीं. तो पिंवळट नारिंगीच राहतो. यास्तव त्यावर गुलाबी छटा दिसतांच तो उतरवून घरांत सावलींत पिकवावा.

आंब्याविषयीं तर स्वतंत्र लेख होईल. झाडावरचा एखाददुसरा आंबा आपोआप पिकून खालीं पडला, कीं ‘पाड लागला’ असें म्हणतात, व मग उतरणी सुरू होते. त्याखेरीज फळाकडे पाहूनही कळतें: देंठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर येतात आणि देंठ खळग्यांत बसल्यासारखा दिसतो. पाण्यांत सोडल्यास तयार फळ बुडतें व अपुरें तरंगतें. अपुरा काढलेला आंबा आढींत कितीही ठेवा, तो सुरकुततो, पण गोड होत नाहीं. काठीनें झोडपून पाडलेल्या आंब्याला जो मार बसतो, तो आढींत काळा डाग होऊन बाहेर पडतो. म्हणून झेल्यानेंच उतरावा. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें ‘नूतन’ नांवाचा सुधारलेला झेला प्रचारांत आणला आहे. त्यानें फळ देंठासह अलगद निघतें. देंठ राहिला म्हणजे चीक सालीवर ओघळत नाहीं व साल भाजत नाहीं. पुढें भाताच्या पेंढ्यांत आढी घालावी. पिकणारें फळ इथिलीन नांवाचा वायु सोडतें आणि त्या वायूनें शेजारचें फळ पिकूं लागतें. आढीचें सारें रहस्य एवढेंच आहे. बाजारांत घाई करणारे त्यासाठीं कार्बाईड वापरीत आले. त्या रीतीनें फळें पिकविण्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनीं मनाई आहे. ज्याच्या परसांत एक जरी कलम आहे, त्यानें आढीचें ज्ञान मुलांना द्यावें, म्हणजे पिकणें व पिकविल्यासारखें दिसणें यांतील भेद त्यांस चवीवरून कळूं लागेल.

आतां या विषयाची जी बाजू आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळूं. एकत्र कुटुंबांत परस एकाच्या मालकीचें, पाणी घालणारें माणूस दुसरें, आणि तोडण्याची आज्ञा देणारें तिसरें, असा प्रकार पुष्कळदां असतो. आमच्या परिचयाच्या कोंकणांतील एका मोठ्या घरीं पुष्कळ वर्षांपूर्वीं अशीच शिस्त होती. वडील मंडळींनीं सांगितल्यावांचून लिंबूसुद्धां तोडावयाचें नाहीं. एका वर्षीं काकडीचे वेल फार सुरेख आले होते. मुंबईकर मुलगे व नातवंडें मे महिन्याच्या रजेंत येणार, त्यांच्यासाठीं पहिल्या काकड्या राखून ठेवाव्या, असें सासूबाईंनीं ठरविलें. हेतु प्रेमाचा होता. परंतु मुलांचें येणें पंधरा दिवसांनीं लांबलें. तीं आलीं तेव्हां काकड्या पिंवळ्या होऊन आंत बिया टणक झाल्या होत्या, वेल अर्धे वाळले होते, आणि नवें फूल एकही नव्हतें. थोरली सून रोज सकाळीं रहाटानें पाणी काढून त्या वेलांना घालीत असे. काकड्या आज तोडल्या नाहींत तर वेल संपेल, हें तिला आठव्या दिवशींच दिसलें होतें. पण तिला कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारल्यावांचून बोलण्याची त्या घरीं रीत नव्हती.

या हकीकतींत काकड्या गेल्या याचें दुःख लहान. घरांतील एका माणसाचें ज्ञान वाया गेलें, तें मोठें. जो हात रोज पाणी घालतो त्यालाच पान कधीं मलूल झालें, फळ कधीं फुगलें हें कळतें. म्हणून आमची वडील मंडळींस विनंती आहे, कीं तोडणीचा अधिकार पाणी घालणाऱ्या हाताकडे द्यावा. मग तो हात सुनेचा असो, नातवाचा असो, कीं कामास येणाऱ्या गड्याचा असो. वडीलकीनें वाटपाकडे लक्ष द्यावें. आलेली भाजी कोणाच्या ताटांत आधीं जाते, आणि जिनें ती पिकविली तिच्या ताटांत शेवटीं कांहीं उरतें कीं नाहीं, हें पाहणें हेंच वडीलपणाचें काम.

दूर असलेल्या माणसांसाठीं राखावयाचें, तर जें टिकतें तें राखावें. कैरीचें लोणचें, साखरांबा, सांडगी मिरची, रातांब्याच्या साली त्यांच्याच रसांत भिजवून पुनःपुन्हां वाळविलेलीं आमसुलें, हीं उन्हाच्या आशीर्वादानें वर्षभर वाट पाहतात. भेंडी व काकडी वाट पाहत नाहींत. त्या ज्या दिवशीं तयार होतात, त्या दिवशीं जे घरांत आहेत त्यांच्या त्या. आज पुष्कळ घरीं मुलें परगांवीं किंवा परदेशीं आणि परसांत दोन वृद्ध माणसें, अशी स्थिति आहे. तेथें शेवग्याच्या शेंगांची जुडी शेजारीं पोंचती करावी. शेजाऱ्याच्या घरीं ती शिजली, तर आपलें झाड वांझ राहत नाहीं आणि आपलें दारही बंद राहत नाहीं.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. सगळींच फळें तोडलीं तर पुढच्या वर्षीं पेरावयाचें काय? हंगामाच्या भरांत, सर्वांत निरोगी झाडावरचें एक उत्तम फळ निवडावें व त्याला रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे घरांतील मुलेंही त्यास हात लावणार नाहींत. शेवटीं उरलेलें किडकें फळ बियांसाठीं ठेवण्याची चाल वाईट; जसें बीं तसें पुढचें पीक. तें फळ वेलावरच पूर्ण पक्व होऊं द्यावें, बीं धुवून सावलींत वाळवावें, राख लावून कोरड्या बरणींत भरावें आणि वर नांव व साल लिहावें. त्या एका झाडाला ओषधीचा धर्म पुरा करूं द्यावा. बाकीच्या वाफ्यांतून उद्यां सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, टोपली घेऊन एक फेरी अवश्य घालावी.