घसा धरला, आत पाहा

पोराचा घसा धरला की आई म्हणते, "थंडीनं धरलाय." ती हळद-दूध देते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावते. त्यात वाईट काही नाही. पण आम्ही म्हणतो, पोराला उजेडात बसवा, आ करायला सांगा आणि घसा पाहा. घसा बहुतेक वेळा जंतूंमुळे दुखतो. आणि सगळे जंतू सारखे नसतात.

पहिला घसा सर्दीचा. नाक गळते, खोकला येतो, घसा लाल होतो. हे जंतू फार बारीक. त्यांना विषाणू म्हणतात. असा घसा आठवडाभरात आपोआप बरा होतो. "डॉक्टर, सुई द्याच," असा हट्ट धरू नये. ताप येऊन लहान मुलाच्या तोंडात फोड उठतात, तेही पुष्कळदा विषाणूंमुळेच. तेव्हा मऊ आणि गार खायला द्यावे. पाणी कमी पडू देऊ नये.

दुसरा घसा फसवा. तो एकाएकी दुखतो, ताप चढतो, जबड्याखाली गाठी येतात. पण सर्दी-खोकला नसतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा जास्त होतो. घसा बरा झाला असे वाटते. पण दोन-तीन आठवड्यांनी काहींचे सांधे सुजतात, हृदयातल्या झडपा बिघडतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

तिसरा घटसर्प. गुरांचा घटसर्प तुम्हांला ठाऊक आहे. माणसांच्या रोगालाही तेच नाव आहे, पण जंतू वेगळे. यात घशात राखी-पांढरा पापुद्रा धरतो. तो पुसून निघत नाही. ओरबाडला तर रक्त येते. मान सुजते, श्वास कोंडतो. जंतूंचे विष रक्तातून हृदयापर्यंत जाते. या विषावर उतारा १८९० साली सापडला. पण तो लवकर द्यावा लागतो. म्हणून पापुद्रा दिसला किंवा श्वास घेताना घरघर झाली, तर थांबू नका. त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठा.

घटसर्पाची लस आहे. ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचतात. पुन्हा १६ ते २४ महिन्यांत, मग ५ ते ६ वर्षांना, आणि पुढे १० व १६ वर्षांना. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते.

पावसाळ्याआधी आपण बैलाला लस टोचून आणतो. मग पोराची का राहावी? तुम्हांला आता वाचता येते. पोराचं लसीचं कार्ड आजच काढा. कोणती लस राहिली, ते स्वतः वाचून पाहा.