डिस्टिल्ड वॉटर ते अर्धा चार्ज : पाचोऱ्यातल्या बॅटऱ्यांची वीस वर्षे

2005 नंतरचे भारनियमन ज्यांनी पाचोरा तालुक्यात सोसले, त्यांच्या लेखी इन्व्हर्टर ही चैनीची वस्तू नव्हती. ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हा रोज बारा-बारा तास वीज जायची. दुकानाच्या गल्ल्याखाली, दवाखान्याच्या कोपऱ्यात, घराच्या ओट्यावर पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी आली ती या काळात. दीडशे अँपिअर-अवरच्या त्या धुडाचे वजन पन्नास किलोंच्या वर. उचलायला दोन माणसे लागत.

त्या बॅटरीने दोन सवयी लावल्या. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि बॅटरी कायम फुल्ल ठेवायची. दोन्ही सवयी योग्यच होत्या. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ती पुन्हा नीट भरत नाही. ‘बॅटरी बसली’ असे आपण म्हणत आलो, त्याचे हे एक मोठे कारण.

त्याआधीच दूरवर एक नवी बॅटरी आकार घेऊ लागली होती. 1997 मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लिथियम बॅटऱ्यांवरील एकूण कामासाठी गुडइनफ यांना 2019 मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. या रसायनाचे बळ त्याच्या रचनेत आहे. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो, की सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. निकेल-कोबाल्टच्या सेलमध्ये तो सुटतो आणि आग भडकवतो.

खान्देशात सौरऊर्जेची मोठी खूण उमटली ती धुळे जिल्ह्यात. 2013 मध्ये साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. पुढे बांधावर सौर झटका मशीन आले, छतावर पॅनेल आले. कापूसवाल्याच्या पाठीवरचा हाताने हापसायचा फवारणी पंपही बॅटरीवर गेला. आधी त्यात शिशाची बॅटरी असे, मग हळूहळू लिथियम शिरली. बॅटरी घरात आणि गोठ्यात पोचली, तिची माहिती मात्र मागेच राहिली.

मार्च 2022 मध्ये पुण्यात भर रस्त्यात विजेची स्कूटर पेटली आणि तिचे व्हिडिओ घरोघर पोचले. त्या उन्हाळ्यात देशभर अशा घटना घडल्या. सरकारने वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-156 हे मानक कडक केले. लोकांच्या मनात मात्र सगळ्या लिथियम बॅटऱ्या एकाच रांगेत बसल्या. कोणी सगळ्यांनाच घाबरू लागले, तर कोणी ‘फॉस्फेटवाली पेटतच नाही’ असे सांगू लागले. दोन्ही टोके चुकीची. फॉस्फेटची बॅटरी पेटण्याची शक्यता बरीच कमी असते, पण सेल बिघडून तापला तर त्यातून निघणारा वायू ज्वलनशील आणि विषारी असतो.

आपल्याकडे खरा प्रश्न आहे तो पडून राहण्याच्या काळाचा. पोळा-गणपतीला फवारणी ऐन भरात असते. दिवाळीनंतर पंप पत्र्याच्या शेडमध्ये जातो तो थेट पुढच्या पेरणीनंतर निघतो. मधल्या काळात मे महिना येतो आणि पारा पंचेचाळिशी गाठतो. पत्र्याखाली त्याहून जास्त. बहुतेक उत्पादक चार्जिंगची मर्यादाच 45 अंश सांगतात. म्हणजे भर दुपारी शेडमध्ये चार्जिंगला लावलेली बॅटरी आपण मर्यादेपलीकडे रेटत असतो.

इथे जुनी सवय उलटी पडते. आयर्न फॉस्फेटची बॅटरी फुल्ल भरून उन्हाळाभर ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. पूर्ण रिकामी ठेवली तर त्याहून वाईट, कारण आतले बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट, थोडी थोडी वीज खातच राहते. सेल अडीच व्होल्टच्या खूप खाली गेला की आतले तांबे विरघळू लागते, आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज करताना आतच शॉर्ट होऊ शकतो. फुगलेली किंवा पार उतरलेली बॅटरी जबरदस्तीने ‘उठवू’ नये, ते यासाठी.

म्हणून ठेवताना ती अर्धी भरलेली असावी. नुसत्या व्होल्टेजवरून हा अंदाज लागत नाही, कारण चार सेलच्या बॅटरीचा चार्ज बराच उतरला तरी आकडा 13.2 व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो. सोपा उपाय असा : पूर्ण चार्ज करा, पंप जेवढा वेळ चालतो त्याच्या निम्मा वेळ चालवा, मग वायर सोडवून ठेवा. जागा थंड आणि कोरडी हवी. ज्यांच्याकडे जुने धाब्याचे घर आहे, त्यांच्या मधल्या खोलीइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. जिन्याखाली, दाराच्या वाटेत, कडब्याजवळ किंवा रॉकेल-फवाऱ्याच्या औषधांशेजारी मात्र नको. दिवाळीला ठेवलेली बॅटरी संक्रांतीला आणि आखाजीला तपासली, लागल्यास थोडी भरली, की पेरणीपर्यंत निभावते.

घरच्या इन्व्हर्टरला आयर्न फॉस्फेटची बॅटरी जोडली असेल, तर गोष्ट वेगळी. ती बॅटरी रोज वापरात असते, तेव्हा महिन्यातून एकदा पूर्ण भरू द्यावी. त्याने बीएमएसला सगळे सेल सारखे करता येतात. चार्जर मात्र तिचाच हवा. चार सेलच्या बॅटरीची कमाल मर्यादा 14.6 व्होल्ट, आणि जुन्या इन्व्हर्टरचा इक्वलायझेशन मोड त्याच्या वर जातो. विकत घेताना लेबल वाचावे : 12.8 व्होल्ट लिहिले असेल तर सहसा आयर्न फॉस्फेट, 11.1 असेल तर दुसरी जात.

एक काळजी अजून उरते. शिशाला भाव असतो, म्हणून जुनी बॅटरी आपोआप दुकानात परत जायची. आयर्न फॉस्फेटमध्ये निकेल-कोबाल्ट नाही, त्यामुळे भंगारवाला तिला फारसे विचारत नाही आणि ती अडगळीत पडून राहते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सगळ्याच प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हे ग्राहकाला बिल फाडतानाच सांगितले गेले पाहिजे.

वीस वर्षांपूर्वी डिस्टिल्ड वॉटरची सवय आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती. बॅटरी बसवायला आलेल्या मेकॅनिकने ती समोर उभे राहून लावली होती. नव्या बॅटरीसाठीही तेच करावे लागेल. कृषी केंद्राने पंपासोबत मराठीत एक पान द्यावे आणि त्यावर तीनच ओळी ठळक असाव्यात : अर्धी भरून ठेवा, सावलीत ठेवा, फुगली तर चार्जिंगला लावू नका. कापसाच्या पैशातून घेतलेली वस्तू वर्षानुवर्षे टिकावी आणि घरादाराला धोका होऊ नये, यासाठी एवढा खर्च प्रत्येक विक्रेत्याला परवडतो.