राहतं घर विकताना मांडणी कशी करावी?

राहतं घर विकायला काढलं की आधी माळा आणि बाल्कनी रिकामी करा. घेणारा माणूस आपलं कपाट कुठे बसेल ते बघत असतो. सामान कमी झालं की फरशी जास्त दिसते आणि तीच खोली मोठी वाटते. पडदे सारा, गेलेले बल्ब बदला, गळका नळ दुरुस्त करून घ्या. दागिने, कागदपत्रं कुलुपात ठेवा.

पण भिंतीची ओल कपाटामागे लपवू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, आपल्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला सहज न कळणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून घर नीट आवरा, ओल मात्र स्वतः दाखवा आणि भाव त्याप्रमाणे ठरवा.