जुन्या मोटारींची गंजलेली चाके काढताना

पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या मोटारींच्या नोंदणीसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम जारी केले. 'व्हीए' अक्षरांचा हा क्रमांक दहा वर्षांसाठी मिळतो. प्रदर्शन, फेरी, इंधन आणि दुरुस्ती यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास मनाई आहे. साहजिकच अशा गाड्या बराच काळ उभ्या राहतात आणि ब्रेकच्या कामासाठी चाक काढू जाता ते हबला घट्ट चिकटलेले आढळते. लोखंडापेक्षा गंजाचे आकारमान अधिक असल्याने मधली फट भरून जाते. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत हे अधिकच घडते.

पाना लावण्यापूर्वी आट्यांची दिशा तपासावी. महिंद्र कंपनीने मुंबईत जुळणी केलेल्या जुन्या विलिस जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. धावताना नट सैल होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. हे नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतात. ठाऊक नसलेला मनुष्य जोर लावून ते आणखी आवळतो आणि अखेर स्टड तुटतो. महायुद्धकालीन लष्करी जीपची काही चाके तर दोन भाग नटांनी जोडून केलेली असतात. टायरमध्ये हवा असताना हे जोडणीचे नट सोडणे प्राणघातक ठरू शकते.

गंज सैल करणारे तेल आदल्या रात्री सोडावे. गाडी जमिनीवर असतानाच, इतर चाकांना ठोकळे लावून, नट किंचित सैल करावेत. नंतर जॅकने उचलून गाडी भक्कम घोडीवर टेकवावी; केवळ जॅकवर विसंबून काम करू नये. चाक तरीही हलत नसेल तर नट दोन आटे सैल ठेवून टायरवर लाकडी हातोड्याने, आळीपाळीने समोरासमोर ठोकावे. नट पूर्ण काढले असतील तर सुटलेले चाक अंगावर येते. गॅसची ज्योत टाळावी, कारण तापलेला टायर फुटू शकतो.

ड्रम उघडल्यावर हवेच्या झोताने धूळ उडविण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती ओल्या फडक्यानेच टिपावी. चाक बसविताना हबचा गंज घासून काढावा, नट समोरासमोरचे आवळावेत आणि थोडे अंतर चालविल्यावर पुन्हा तपासावेत.