गुडघ्यात ‘गॅप’ पडला म्हणजे नेमकं काय झालं?

घरात मटण आणलं की नळीच्या हाडाचं टोक एकदा नीट बघा. हाड खरबरीत असतं, पण टोकाला निळसर पांढरी, चकचकीत टोपी बसवल्यासारखी दिसते. ओलं बोट फिरवलं तर घसरतं. तिला कूर्चा म्हणतात. आपल्या गुडघ्यात, खुब्यात, बोटांच्या पेरांत हीच असते. आपण जिला ‘गादी’ म्हणतो ती हीच.

वस्तीत बीपी-शुगर तपासायला आम्ही बसतो तेव्हा बाया हात पुढे करायच्या आधी गुडघा दाखवतात. पिशवीतून एक्स-रे काढतात आणि म्हणतात, “सिस्टर, गॅप पडलाय.” हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आज आधी त्याचाच उलगडा करतो. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. दोन हाडांच्या मध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी नसते, तिथे कूर्चाच असते. चांगल्या गुडघ्यात ही फट रुंद दिसते. कूर्चा झिजली की हाडं जवळ येतात आणि फट अरुंद होते. म्हणजे डॉक्टर सांगतात ‘गॅप कमी झालाय’. ओपीडीच्या गर्दीत त्यातला ‘कमी’ हरवतो आणि घरी येईपर्यंत ‘गॅप पडला’ होतो. मग गॅप भरून देणारं तेल, चूर्ण, पट्टा विकणारा माणूस दारात उभाच असतो. एवढं मात्र सांभाळा : गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायला सांगा. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत अंगाचा भार गुडघ्यावर नसतो, त्यामुळे फट किती कमी झाली ते नीट कळत नाही.

कूर्चा तीन प्रकारची असते. कानाची पाळी वरून मुडपा, सोडा, परत जागेवर येते. ती लवचिक कूर्चा. गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं, तेही तिचंच. दुसरी चिवट, दोरखंडासारख्या धाग्यांनी भरलेली. मणक्यांच्या मधल्या चकत्या आणि गुडघ्यातल्या दोन अर्धचंद्रासारख्या गाद्या या प्रकारच्या. तिचं काम दणका सोसणं. तिसरी काचेसारखी गुळगुळीत. नाकाचं टोक, श्वासनळीची कडी, बरगड्या छातीच्या हाडाला जिथे जुळतात ती जागा, आणि सांध्यातल्या हाडांची टोकं तिचीच. मटणात दिसते ती ही. सांध्याची झीज म्हणतात ती मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराची.

गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढी. तिच्यात सुमारे ७० टक्के पाणी असतं. बाकी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं, आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. जाळं ताणून धरतं, पाणी फुगवतं. म्हणून ती वजनाखाली दबते आणि वजन गेलं की पुन्हा वर येते. हे सगळं तयार करणाऱ्या पेशी फारच थोड्या असतात, त्या आपापल्या खोबणीत एकट्या बसलेल्या.

आता मुख्य गोष्ट. या कूर्चेला रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही. रक्त नाही म्हणून जखम भरत नाही. हातावर कापलं तर आठवड्यात खपली धरते, इथे तसं होत नाही. विल्यम हंटर या शल्यवैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्येच हे मांडलं होतं, की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, अजून ती पहिल्यासारखी उगवून देणारी गोळी निघालेली नाही. आणि नस नाही म्हणून झीज सुरू झाली तरी आधी दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि भोवतालचे बंध. दुखायला लागेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं.

रक्त नाही तर तिला खायला कोण घालतं? सांध्यातलं चिकट पाणी, ज्याला आपण वंगण म्हणतो. भांडी घासायचा स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत शिरतं. चालताना कूर्चेचं असंच होतं. म्हणून ‘गादी झिजलीय, आता कमी चाला’ हा शेजारचा सल्ला घातक आहे. बसून राहिलं की कूर्चा उपाशी राहते आणि मांडीचे स्नायू सुकतात. स्नायू सुकले की पुढचा सगळा भार हाडांवर.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये आधी कूर्चेचा पृष्ठभाग खरबरीत होतो, मग तिला भेगा पडतात. पाणी धरणारे रेणू निसटतात. खालचं हाड कडक आणि जाड होतं, कडेला हाडाचे काटे फुटतात, अस्तर सुजतं, गुडघ्यात पाणी धरतं. आजार फक्त गादीचा नसतो, सगळ्या सांध्याचा असतो. वय, वजन, जुनी दुखापत, घराण्यातली खोड ही कारणं आहेत. पन्नाशीनंतर बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा जास्त होतो.

पण ‘वय झालं’ म्हणून डॉक्टर मोकळे होतात तेव्हा आम्हाला राग येतो. वर्षानुवर्षं गुडघे दुमडून, उकिडवं बसून, ओझं उचलून काम करणाऱ्यांना गुडघ्याची झीज जास्त होते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं आहे. कचरा वेचणारी, बांधकामावर विटा चढवणारी, ओणवून झाडू मारणारी, फरशी पुसणारी बाई कोणत्या वस्तीत राहते ते सांगायला नको. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास जातो. आमच्या ओळखीच्या एका मावशी ज्या सोसायटीत धुणीभांडी करतात, तिथे कामवाल्या बायांना लिफ्ट वापरायला मनाई आहे. पाचवा मजला, दिवसातून दोन वेळा, अठरा वर्षं. त्यांच्या एक्स-रेवर हे कुठेच लिहिलेलं नाही.

उपाय काय? पहिला उपाय फुकट आहे, म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला बसा, एक पाय सरळ करा, पाचपर्यंत मोजा, हळू खाली आणा. असं दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती दाबा. तीन महिने नेमाने केलं की मांडीत जोर येतो आणि दुखणं उतरतं. थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत सूज राहिली तर मोजणी कमी करा. वजन जास्त असेल तर ते उतरवायला लागा : एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, बहुतेक जण उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पाया सूप प्यायचं तर चवीसाठी प्या. पोटात गेलेलं कोलॅजन पचून जातं, ते गुडघ्यात जाऊन बसत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या हाडासाठी, कूर्चा त्यांनी भरत नाही. दुखण्यावर लावायचा मलम गोळीपेक्षा कमी धोक्याचा. मेडिकलमधून स्वतःच आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रोज घेत राहिलात तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होते, बीपी वाढतं. आणि जी बिननावाची पुडी दोन दिवसांत चमत्कार करते तिच्यात बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मात्र अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका. पुडी हातात घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

सगळंच दुखणं झिजेचं नसतं. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटला तर बहुधा झीज. तासाभराहून जास्त टिकला आणि दोन्ही मनगटं, बोटांची पेरं सुजली तर आमवाताची शंका घ्यायची, त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती लवकर सुरू करावी लागतात. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

घरात आणि विहारात थोडी जागा करा. वंदनेला खुर्चीवर बसायला आपल्या आज्यांना संकोच वाटतो. खुर्च्या मागे भिंतीला लावू नका, सगळ्यांबरोबर रांगेतच मांडा.

व्यायाम, औषध करूनही झोप उडत असेल, चार पावलं चालवत नसेल तर सांधा बदलायची शस्त्रक्रिया आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. रुग्णालयाचा खर्च वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का, कोणत्या रुग्णालयात, हे ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि एक्स-रे बरोबर न्या.

ऑपरेशननंतर उकिडवं बसू नका असं सांगून घरी पाठवतात. आणि घरी म्हणजे कुठे, तर सार्वजनिक संडासाच्या रांगेत, जिथे बसायला भारतीय भांडं आणि उठायला भिंतीला साधी दांडीही नाही. ऑपरेशन न झालेल्या बायाही म्हणूनच दिवसभर पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ. गुडघ्याचं दुखणं मूत्रमार्गापर्यंत जातं ते असं. तात्पुरतं म्हणून मधोमध भोक पाडलेली भक्कम खुर्ची भांड्यावर ठेवतात. तिचे पाय ओल्या फरशीवर घसरत नाहीत ना, ते आधी तपासा. कायमचं हवं असेल तर प्रत्येक संडासाच्या इमारतीत बायकांच्या आणि पुरुषांच्या बाजूला एकेक कमोड आणि सगळीकडे भिंतीला पक्की लोखंडी दांडी, एवढंच वॉर्ड ऑफिसला मागायचं आहे. अर्जाचा मसुदा आम्ही तयार ठेवलाय. गल्लीतल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच शिक्का मारूनच परत या.