इंटरनॅशनल स्टडीज आणि पीआर: दोन डिग्र्या एकत्र शिकायच्या, पण कशासाठी?

लोकलमध्ये एका हाताने कडी धरून ऐकणाऱ्या, मेसवरून परतताना ऐकणाऱ्या आणि अभ्यासाच्या नावाखाली ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलताना अडखळलेली वाक्यं नीट केली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

नाशिकहून एका बारावीतल्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आलाय. तिनं ऑस्ट्रेलियातल्या डबल डिग्रीची जाहिरात पाहिली. विषय: इंटरनॅशनल स्टडीज आणि पब्लिक रिलेशन्स. घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "दोन डिग्र्या म्हणजे दुप्पट पगार का गं?" आणि आजी म्हणाली, "हे शिकून माणूस होतो तरी कोण?"

खरं सांगू? दोन्ही प्रश्न एकदम बरोबर आहेत. आजचा भाग या दोन प्रश्नांवरच.

आधी डबल डिग्री म्हणजे काय ते बघू

ऑस्ट्रेलियात बॅचलर डिग्री साधारण तीन वर्षांची. त्यात मुख्य विषय असतो आणि बऱ्याच जागा आवडीच्या विषयांसाठी मोकळ्या असतात. डबल डिग्रीत या मोकळ्या जागांवर दुसऱ्या डिग्रीचे विषय बसवतात. त्यामुळे दोन डिग्र्यांना सहा वर्षं न लागता बहुतेक ठिकाणी चार, काही ठिकाणी पाच वर्षं लागतात. शेवटी हातात दोन वेगळी प्रमाणपत्रं येतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. वाचलेली दोन वर्षं कुठून आली? आवडीच्या विषयांमधून. म्हणजे "सहज म्हणून एक सिनेमाचा पेपर घेतो" ही चैन इथे जवळपास संपते.

एक खरं उदाहरण घेऊ. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी सिडनी, म्हणजे यूटीएसमध्ये कम्युनिकेशन आणि इंटरनॅशनल स्टडीज ही जोडी अनेक वर्षं शिकवली गेली. पीआरचं शिक्षण कम्युनिकेशनच्या बाजूनं मिळायचं. कोर्स पाच वर्षांचा. मुलांनी एक देश निवडायचा, त्याची भाषा शिकायची आणि मग पूर्ण एक शैक्षणिक वर्ष त्याच देशात जाऊन शिकायचं. फ्रान्स, जपान, चिली, असा जो निवडला असेल तो. असे कोर्स बदलतात, कधी नवीन प्रवेश थांबतातही. म्हणून जुनं माहितीपत्रक वाचून निर्णय घेऊ नका. रचना समजावी म्हणून हे सांगितलं.

दोन विषय, दोन स्वभाव

इंटरनॅशनल स्टडीज आणि इंटरनॅशनल रिलेशन्स एकच, असं बऱ्याच जणांना वाटतं. इंटरनॅशनल रिलेशन्सचा भर देशादेशांतल्या राजकारणावर, युद्धावर आणि करारांवर असतो. इंटरनॅशनल स्टडीज त्याहून पसरट आहे: इतिहास, व्यापार, स्थलांतर, धर्म, भाषा, लोकांचं रोजचं जगणं. समोरचा देश असा का वागतो आणि तिथल्या माणसाला आपलं बोलणं कसं ऐकू येतं, हे समजून घ्यायचं.

आणि पीआर म्हणजे जाहिरात नव्हे. जाहिरातीत आपण पैसे देऊन जागा विकत घेतो. पीआरमध्ये नाती सांभाळायची असतात: पत्रकारांशी, कर्मचाऱ्यांशी, कारखान्याशेजारी राहणाऱ्या गावाशी, सरकारशी. प्रेस नोट लिहिणं, संकटात काय बोलायचं आणि कधी बोलायचं ते ठरवणं, लोकांचा कल मोजणं, हे सगळं त्यात येतं.

या विषयात जेम्स ग्रूनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये पीआरचे चार प्रकार मांडले. आपल्या भाषेत सांगायचं तर असं. पहिला प्रकार दवंडीचा: फक्त नाव गाजवायचं, खरं-खोटं नंतर. दुसरा, खरी माहिती द्यायची, पण एकतर्फी. तिसरा, लोकांचा कल आधी जाणून घ्यायचा, पण त्यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठीच. चौथा प्रकार खऱ्या संवादाचा: लोकांचं ऐकून गरज पडली तर आपणही बदलायचं. चौथा सगळ्यांना आवडतो. प्रत्यक्षात पहिले तीनच जास्त दिसतात.

मग हे दोन विषय भेटतात कुठे?

अमेरिकेतले माजी राजनैतिक अधिकारी एडमंड गलियन यांनी १९६५ मध्ये "पब्लिक डिप्लोमसी" हा शब्द आजच्या अर्थानं वापरात आणला. एका सरकारनं दुसऱ्या सरकारशी बोलणं ही जुनी डिप्लोमसी. एका देशानं दुसऱ्या देशातल्या सामान्य लोकांशी बोलणं ही पब्लिक डिप्लोमसी.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयातही पब्लिक डिप्लोमसीचं काम बघणारा विभाग आहे. टीव्हीवर मंत्रालयाचे जे प्रवक्ते दिसतात, ते याच विभागाचे प्रमुख. योग दिनाचं उदाहरण घ्या. ११ डिसेंबर २०१४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला, १७० हून जास्त देश सहप्रस्तावक होते. त्यांना सोबत घेणं ही डिप्लोमसी झाली. पण २१ जूनला परदेशातल्या एखाद्या बागेत तिथल्या माणसांनी स्वतःहून सतरंजी अंथरावी, यासाठी लागतो तो संवाद. एक हात दुसऱ्याशिवाय अपुरा.

एक गोष्ट, जी दोन्ही वर्गांत शिकवायला हवी

२ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतवर हल्ला केला. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी खासदारांच्या मानवी हक्क गटासमोर १५ वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिचं फक्त पहिलं नाव सांगितलं गेलं: नायिरा. तिनं रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी कुवेतच्या दवाखान्यात बाळांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढलं आणि थंड फरशीवर मरायला सोडलं. अमेरिकाभर ती बातमी पोचली. खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भाषणांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली.

वर्षभरानं, १९९२ मध्ये कळलं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची लेक होती. "सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत" नावाच्या गटासाठी हिल अँड नोल्टन ही मोठी पीआर कंपनी काम करत होती, आणि त्या गटाचा बहुतेक पैसा कुवेत सरकारकडून आलेला होता. कुवेतमध्ये अत्याचार झाले होते, यात शंका नाही. पण युद्धानंतर तपास करणाऱ्यांना इन्क्युबेटरच्या त्या कहाणीला आधार सापडला नाही.

आता बघा. फक्त पीआर शिकलेला म्हणेल, "मोहीम जबरदस्त होती." फक्त इंटरनॅशनल स्टडीज शिकलेला तेल, सीमा आणि कर्ज यांच्यावर छान निबंध लिहील, पण एका मुलीच्या साक्षीनं लोकांचं मन कसं फिरलं, ते त्याच्या हातून निसटेल. दोन्ही शिकलेल्यानं तीन प्रश्न विचारायला हवेत: बोलतंय कोण? पैसे देतंय कोण? आणि ऐकणाऱ्यापासून लपवलंय काय?

अमेरिकेत १९३८ पासून एक कायदा आहे. परदेशी सरकारसाठी तिथे प्रचाराचं काम करणाऱ्यांना न्याय खात्याकडे नोंद करावी लागते. कायदा असूनही हे घडलं. म्हणजे कायदा पुरत नाही, खोलीत बसलेल्या माणसालाच "हे आपण करायचं नाही" म्हणता आलं पाहिजे. माझ्या मते या जोडीची खरी किंमत इथे आहे. हा सांधा कोर्सनं शिकवला नाही, किंवा तुम्ही स्वतः जुळवला नाही, तर हातात दोन अर्ध्या डिग्र्या उरतात.

आता बाबांचा प्रश्न: पैसे

दुप्पट पगार? नाही. पहिली नोकरी देणारा एकच पगार देतो. पीआर एजन्सीत सुरुवातीला पत्रकारांच्या याद्या करणं, कात्रणं जमवणं, प्रेस नोट चार वेळा दुरुस्त करणं, हीच कामं असतात.

खर्चाचं गणित मात्र नीट मांडा. ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक मुलांना सरकारी कर्जाची सोय असते. फी नंतर, कमाई ठरावीक रकमेपुढे गेली की कापली जाते. त्यामुळे एक वर्ष जास्त लागलं तरी त्यांना आज खिशात हात घालावा लागत नाही. आपल्या मुलांना फी आधी भरावी लागते, तीही परदेशी विद्यार्थ्यांच्या दरानं.

त्यावर विद्यार्थी व्हिसा. १ जुलै २०२५ पासून अर्जाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. व्हिसा नाकारला तरी हे पैसे सहसा परत मिळत नाहीत. एका वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० डॉलर असल्याचा पुरावा लागतो, हा आकडा मे २०२४ पासूनचा. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपर्यंतच काम करता येतं. हे आकडे बदलतात, म्हणून अर्ज करताना सरकारी साइटवरच तपासा, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

आणि जाहिरातीत सहसा नसणारी गोष्ट ही. शिक्षणानंतर तिथे काम करायला मिळणारा तात्पुरता व्हिसा डिग्रीच्या पातळीवर ठरतो, संख्येवर नाही. एक बॅचलर असो की दोन, या विषयांत मुदत साधारण दोन वर्षांचीच. याउलट भारतात बॅचलर करून तिथे निदान दोन शैक्षणिक वर्षांचं मास्टर्स केलं, तर भारतीयांना तीन वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणजे पाच वर्षं परदेशी फी भरून मुदत कमी, आणि दोन वर्षं भरून जास्त! ज्यांना तिथे काम करायचंय, त्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

इथे राहून जमेल का?

बरंचसं जमेल. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीनं एकाच वेळी दोन पूर्णवेळ डिग्र्या करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात करायच्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. नाहीतर एक वर्गात आणि एक ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं. मात्र आपल्या विद्यापीठाचे नियम आधी विचारा. त्याच वर्षी मे महिन्यात परदेशी विद्यापीठांसोबतच्या ड्युअल डिग्रीचे नियमही आले. त्यात निदान ३० टक्के क्रेडिट भारतातल्या संस्थेतून मिळवावी लागतात.

पुण्यात तर एक मजेशीर योग आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या एकाच आवारात पत्रकारितेचा विभागही आणि परकीय भाषांचा विभागही. राज्यशास्त्राची बीए, सोबत जपानी किंवा जर्मन आणि एखादा पीआरचा डिप्लोमा, ही जोडी सिडनीच्या तुलनेत कितीतरी कमी पैशात बांधता येते. कमी पडेल ते परदेशातलं एक वर्ष. ते मात्र खरंच मोलाचं असतं, कारण दुसऱ्या भाषेत भाजी विकत घेताना जे कळतं ते पुस्तकात नसतं.

आणि आजीचा प्रश्न: माणूस होतो कोण?

परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यूपीएससीला कुठलीही मान्यताप्राप्त डिग्री चालते, दोन असल्याचे जादा गुण नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले, जपानी शिकले आणि टोकियोत काम केलं. त्यासाठी सिडनीहून सुरुवात करावी लागली नाही. या जोडीतून इतर वाटाही निघतात: परदेशी दूतावासांतलं माध्यमांचं काम, सामाजिक संस्था, निर्यात करणाऱ्या कंपन्या, विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय विभाग. सगळीकडे काम एकच, इथलं तिथे आणि तिथलं इथे नीट समजावणं.

नाशिकच्या मैत्रिणीसाठी म्हणून एक गृहपाठ. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ ला ती उठवली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. आता याच निर्णयावर तीन पानं लिही. एक लासलगावच्या शेतकऱ्यासाठी, एक ढाक्याच्या व्यापाऱ्यासाठी, एक दिल्लीत कांदा विकत घेणाऱ्या बाईसाठी. तिन्ही पानांवरची माहिती खरी हवी, आणि एकावरचं दुसऱ्यावर खोटं ठरता कामा नये.

हे करताना ढाक्यात काय झालं ते शोधावंसं वाटलं, तर इंटरनॅशनल स्टडीज तुझा विषय आहे. शेतकऱ्याला कुठल्या शब्दांत सांगू, यावर तासभर डोकं खाजवलंस, तर पीआर तुझा विषय आहे. आणि तिन्ही पानं एकमेकांसमोर ठेवायला लाज वाटली नाही, तर ही जोडी तुझ्यासाठी आहे. मग ती सिडनीत करायची की पुण्यात, हा हिशेब बाबांसोबत बसून कर. आणि कंटाळा आला? तरी चांगलंच, लाखो रुपये वाचले.

तीन पानं लिहून झाली की आम्हाला नक्की पाठव. तुमच्यापैकी आणखी कुणी लिहिलीत तर तीही वाचायला आवडतील. भेटू पुढच्या भागात!