पाचशेच्या बाँडवर मूल मिळत नाही

जामखेडच्या तहसील कचेरीबाहेर बाँडवर काय काय लिहून मिळत नाही? जमिनीचा इसार, भाऊवाटणी, हातउसने पैसे, मुकादमाकडून घेतलेली ऊसतोडीची उचल. दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का मिळाला की माणूस निर्धास्त होतो. म्हणूनच मूल होत नसलेल्या एखाद्या घरात सरोगसीचा विषय निघतो तेव्हा पहिली सूचना हमखास हीच येते: ‘बाई तयार आहे ना? मग पाचशेचा बाँड करून घ्या, निम्मे पैसे आधी, निम्मे बाळ हातात आल्यावर.’

हे ऐकायला उचलीसारखंच वाटतं, आणि घोळ नेमका इथेच आहे. सरोगसी (नियमन) कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. तेव्हापासून देशात पैसे घेऊन मूल जन्माला घालून देणं हा गुन्हा आहे. दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमात सांगितलेला खर्च सोडून सरोगेट आईला रोख, दागिना, शेताचा तुकडा, काहीही देता येत नाही. म्हणजे आपल्या समजुतीने पक्का केलेला तो बाँड आपल्याच विरुद्धचा पुरावा ठरतो. बेकायदा हेतूचा करार मुळातच रद्दबातल असल्यामुळे त्यावरून कोर्टात पैसेही मागता येत नाहीत आणि बाळही मागता येत नाही. पैशाच्या मार्गाने गेलेल्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा सापडल्यास कैद आणि दंड दोन्ही दुप्पट. बाई मिळवून देणाऱ्या दलालाला आणि जाहिरात करणाऱ्याला थेट दहा वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि आपसात मिटवता न येणारा. ‘गावातल्या गावात मिटवून घेऊ’ इथे चालत नाही.

आणखी एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. असं बेकायदा प्रकरण कोर्टात उभं राहिलं तर बाईवर नवऱ्याने, मूल हवं असलेल्या जोडप्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली, असं कोर्ट आधीच धरून चालतं. तसं झालं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर. ‘तिनं खुशीनं केलं, विचारा तिला’ एवढ्याने सुटका होत नाही.

मग कागद लागतात तरी कोणते? बाँड सोडून बरेच. पहिला कागद जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाचा. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्यांच्या दर्जाचा अधिकारी अध्यक्ष, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. जामखेडहून त्यासाठी अहिल्यानगर गाठायचं, म्हणजे आष्टी-कडा मार्गे, वाटेत बीड जिल्हा ओलांडून, सुमारे 75 किलोमीटर. मंडळ पाहतं ते एवढंच, की सरोगसीची वैद्यकीय गरज खरी आहे का. गर्भाशय नसणं किंवा काढलेलं असणं, ते जन्मतःच सदोष असणं, टेस्ट ट्यूबचे प्रयत्न वारंवार फसणं, कारण न सापडता गर्भ पुन्हा पुन्हा जाणं, किंवा गरोदरपणाने बाईच्या जिवाला धोका असणं. नोकरी, फिगर, वेळ नाही, ही कारणं तिथे चालत नाहीत.

दुसरा कागद कोर्टाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. मूल हवं असलेलं जोडपं आणि सरोगेट आई यांनी मिळून प्रथमवर्ग किंवा त्याहून वरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. होणाऱ्या बाळाचे आईबाप कोण आणि ताबा कुणाकडे, याचा आदेश गर्भ राहण्याच्या आधीच घ्यायचा. बाळ जन्मल्यावर हाच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र ठरतो. त्यामुळे ‘बाळ झाल्यावर तिच्याकडून दत्तक घ्यावं लागतं’ हा समज खोटा. दत्तकाचा प्रश्नच येत नाही. कायद्याने ते मूल पहिल्या दिवसापासून त्या जोडप्याचंच, वारसाहक्कासकट. शेताच्या सातबाऱ्यावर उद्या त्याचं नाव लावताना चुलते कुरकुरतील, पण त्यांच्या कुरकुरीला कायद्याचा आधार नाही.

तिसरा कागद विम्याचा. सरोगेट आईच्या नावाने 36 महिन्यांचा, गरोदरपणातली गुंतागुंत आणि बाळंतपणानंतरचं दुखणं भागेल एवढ्या रकमेचा. शिवाय तिच्या जिवाला, तब्येतीला काही झालं तर भरपाई देऊ, असं जोडप्याचं शपथपत्र. ‘बाळ घेतलं, मोकळे झालो’ म्हणणाऱ्यांनी हे 36 महिने लक्षात ठेवावेत. हे सगळं जमलं की जोडप्याला आणि बाईला वेगवेगळी पात्रता प्रमाणपत्रं सक्षम प्राधिकरणाकडून मिळतात, आणि मगच नोंदणी असलेल्या केंद्रात उपचार सुरू होतात. दवाखान्याचा नोंदणी क्रमांक आधी विचारा. नोंदणी नसेल तर पुढचं सगळंच बेकायदा.

आता नात्याचा प्रश्न. ‘सख्खी बहीण किंवा जाऊच लागते’ असं अनेक जण ठामपणे सांगतात, कारण 2019 च्या विधेयकात ‘जवळची नातेवाईक’ अशी अट होती. संसदेच्या निवड समितीने ती काढायला सांगितली आणि अंतिम कायद्यात ‘इच्छुक स्त्री’ हे शब्द आले. मात्र ती विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली असावी, तिला स्वतःचं मूल असावं, वय 25 ते 35, आणि आयुष्यात एकदाच. हिंदीतला ‘मिमी’ पाहून ज्यांनी कल्पना बांधली त्यांनी ती मोडावी: अविवाहित नर्तकी आणि परदेशी जोडपं, दोघंही आज बाद. मुळात तो सिनेमा समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय’चा रिमेक. पोरेबाई स्वतः वकील. त्यांच्या मराठी सिनेमात विदर्भातल्या बाईच्या पदरात गोरं पोर टाकून जाणारी परदेशी आई दिसते. त्या काळी तसं करता येत होतं. आज बाळ टाकून जाणं, मग ते अपंग असो वा मुलगी, हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मुलगी म्हणताच आठवलं. ‘दोन मुली आहेत, सरोगसीतून एक मुलगा करून घेऊ’ असं विचारणारे भेटतातच. गर्भलिंग निवडीला बंदी आहे हे त्यांना ठाऊक असतं, तरी विचारतात. पण गोष्ट तिथवर जातच नाही, कारण हयात मूल असलेलं जोडपं पात्रच नाही. अपवाद फक्त मतिमंद, अपंग किंवा जीवघेणा आजार असलेल्या मुलाच्या पालकांचा. बायकोचं वय 23 ते 50, नवऱ्याचं 26 ते 55. एकट्या स्त्रियांपैकी 35 ते 45 वयाच्या विधवा आणि घटस्फोटितांनाच परवानगी. अविवाहितांना नाही, एकट्या पुरुषालाही नाही. कायदा येण्याआधी ज्यांनी गर्भ गोठवून ठेवले होते त्यांना वयाची अट लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं.

पण पात्र ठरणं वेगळं आणि परवडणं वेगळं. शेजारच्या बीडमध्ये 2019 च्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातल्या एखादीचं मूल नंतर दगावलं तर ती आणि तिचा नवरा कायद्याच्या कसोटीला उतरू शकतात. पण 36 महिन्यांचा विमा, नोंदणीकृत केंद्राचा खर्च आणि कोर्टाची वारी कोयता हातात घेणाऱ्या जोडप्याला परवडेल का? सरोगसी गरिबांच्या कुशीवर चालते म्हणून कायदा आला. ज्यांची कूसच गेली त्यांच्यापर्यंत तो पोचायला मात्र अजून बराच रस्ता आहे.

‘तिचंच रक्त ना शेवटी?’ हाही जुना प्रश्न. सरोगेट आईचं स्त्रीबीज वापरायला कायद्याने मनाई आहे. गर्भ प्रयोगशाळेत तयार होतो आणि तिच्या गर्भाशयात सोडला जातो, नियमानुसार एक, क्वचित तीनपर्यंत. बीज दात्याकडून घ्यायचं तर वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. 2023 मध्ये त्यावर बंदी आली होती, ती फेब्रुवारी 2024 मध्ये शिथिल झाली. विधवा-घटस्फोटितेला मात्र स्त्रीबीज स्वतःचंच वापरावं लागतं. आणि बीज दिलं म्हणून हक्क येत नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर 2024 मध्ये असंच प्रकरण आलं. बायकोच्या बहिणीने बीज दिलं, जुळ्या मुली झाल्या, पुढे नवरा-बायको वेगळे झाले आणि नवरा म्हणू लागला की खरी आई मेहुणीच. न्यायालयाने ते मानलं नाही आणि आईला मुलींना भेटण्याची मुभा दिली.

सरोगेट आईने एकदा सही केली की ती बांधली गेली, असंही मानतात. ते खरं नाही. गर्भ सोडण्यापूर्वी ती कधीही मागे फिरू शकते. गर्भपाताची सक्ती तिच्यावर कुणी करू शकत नाही. करायचाच झाला तर तिची लेखी संमती आणि प्राधिकरणाची परवानगी लागते.

ज्या जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू करून साध्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं, तिथे हे समजावून सांगणं अवघड नसावं. बाळंतपणाबद्दलचे याहून हट्टी गैरसमज त्या बायकांनी घरोघर बसून काढले होते.

राहिल्या घरगुती गोष्टी. सरोगसीतून आई होणाऱ्या नोकरदार बाईला रजा मिळते: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2015 मध्येच तो हक्क मान्य केला, 2017 पासून कायद्यात 12 आठवडे आले, केंद्र सरकारी नोकरीत आता 180 दिवसांपर्यंत. पण जाऊबाईच सरोगेट असतील तर नऊ महिने त्यांच्या स्वतःच्या लेकराला कोण पाहणार, बाळंतपणानंतर दूध आलं तर काय करायचं, आणि पाचवी कुठल्या घरी पुजायची, हे कोणत्याच फॉर्मवर विचारलेलं नसतं. सासूबाईंना विचारून ते आधीच ठरवलेलं बरं. त्यांचं उत्तर ‘दोन्ही घरी’ असं असेल, तर सटवाईचा पाट दोनदा मांडावा लागेल.